गोजराक्काचा शेवटचा एपिसोड

महिपतीआबांनी हातातला सुंभ खाली टाकला आणि ते उठूनच उभे राहिले. "जित्या माणसासाठी मी तिरडी बांधणार न्हाय," ते म्हणाले, "तुमचं शूटिंग गेलं खड्ड्यात."

अंगणात बांबू पडले होते, कडब्याची पेंढी सोडून ठेवली होती. कळंबात कुणाचंही माणूस गेलं की तिरडी बांधायला आबांनाच बोलावणं जातं. शूटिंगवाल्या दिग्विजयने त्यांना आदल्या दिवशी सांगितलं होतं की वर बाहुलं ठेवायचंय. थाप मारली होती कार्ट्याने. आता माझी सासू हिरवं लुगडं नेसून, कपाळभर मळवट भरून बाहेर आली, तेव्हा बाहुलं कोण आहे ते आबांना कळलं.

मी दारात उभी होते. पाचवा महिना लागलेली बाई असल्या गोष्टीच्या वाऱ्याला उभी राहत नाही, हे मलाही समजतं. त्यात माझं आधीचं पोट गेलेलं. म्हणून तर बारामतीच्या एमआयडीसीतल्या डेअरीत रजा टाकून घरी बसले होते. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांनी सकाळीच बजावलं होतं, आतल्या खोलीत बस, खिडकी लाव आणि टीव्ही मोठ्याने लावून ठेव. बसले होते की. पण टीव्हीचा एक शब्द कानात शिरेना. म्हटलं, यापेक्षा बघितलेलं परवडलं.

आबा दिग्विजयशी बोललेच नाहीत. आत्यांकडे बघून म्हणाले, "सारजे, तिरडी एकदा बांधली की रिकामी ऱ्हात न्हाय. ती आपलं माणूस हुडकती."

दिग्विजय हसायला गेला आणि मग नुसताच कॅमेऱ्याची लेन्स पुसायला लागला. माझा हात आपोआप पोटावर गेला.

आत्या आबांसमोर जमिनीवर बसल्या. शांतपणे म्हणाल्या, "माझ्या मालकांची तुमीच बांधली हुती. माझी बी एक दिस तुमीच बांधणार. मग ही बी बांधा. दुसऱ्याच्या हातची मला नगं."

आबांनी खाली बसून सुंभ उचलला. बांधून होईपर्यंत त्यांनी आत्यांकडे मान वर करून बघितलं नाही.

आता हे सगळं कशासाठी, तर वेबसिरीजसाठी. तीन वर्षांपूर्वी दिग्विजय आणि त्याची टोळी न विचारता आमच्या दोडक्याच्या मांडवाखाली शूटिंगला घुसली. आत्यांनी त्यांची अशी काही बिनपाण्याने केली, की त्या पोराने कॅमेरा बंदच केला नाही. त्यातून गोजराक्का जन्माला आली. तोंडाची फटकळ, मनाची मऊ, सुनेला धारेवर धरणारी सवाष्ण बाई. तेव्हापासून इंदापूरच्या बाजारात आत्या भाजी घेऊन बसल्या की लोक वांगी राहू देतात बाजूला आणि फोन काढतात. गावातल्या बायकांनी नावं ठेवली, विधवा बाई कुंकू लावून मिरवते म्हणून. आमचे हे, म्हणजे गोकुळ, आईशी महिनाभर बोलले नाहीत. त्या मात्र शूटिंग संपलं की फाटकापाशी थांबायच्या, पदराने कुंकू पुसायच्या आणि मगच घरात यायच्या. पुसताना हात जरा रेंगाळायचा. मी कधी बोलून दाखवलं नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या ओट्यावर मीटिंग झाली, नवीन वर्षात काय काय करायचं त्याची. दिग्विजय म्हणाला, बघणारे कमी झालेत, काहीतरी मोठं करायला पाहिजे. गोजराक्काला मारू. मरणाचा एपिसोड लोक बघतातच. मी चहा घेऊन आले होते, ट्रे तसाच ओट्यावर ठेवला. मला वाटलं आत्या आता याला उभा जाळतील. पण त्या म्हणाल्या, मरते, पण मग माझ्या आईची गोष्ट करायची.

त्यांची आई रंगूबाई. घरची मेंढरं होती. दरवर्षी दसरा झाला की सगळा संसार घोड्यावर टाकून कोकणाच्या वाटेला लागायचं. आत्या त्या वाटेवरच जन्मल्या, एका घाटात. रंगूबाईने लेकीला घोड्यावरच्या पाटीत कोकरांबरोबर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चालायला लागली. भाजीच्या जुड्या बांधताना हे मी इतक्यांदा ऐकलंय की मलाच कधी कधी त्या कोकरांचा वास येतो. आत्यांनी सगळं ठरवून ठेवलं होतं. घोडा कुणाचा आणायचा, मेंढरं कुणाची, आईचं काम कोण करणार. आईचं काम त्या स्वतः करणार होत्या. दिग्विजय म्हणाला, "काकू, शब्द. दोन तारखेला बसू लिहायला." त्या एका शब्दावर ही बाई वर्षाच्या शेवटच्या दिवशी तिरडीवर झोपायला तयार झाली.

मी भांडले. देवाची शपथ घातली, पोटातल्या लेकराची घातली. शूटिंगच्या दिवशी सकाळी घेवडा तोडायला गेलो तेव्हा शेवटचं विचारलं, की आत्या, भीती नाही वाटत का?

"वाटती की. लई वाटती," त्या म्हणाल्या. "काल धारंला बसले तर म्हशीनं पान्हाच सोडला न्हाय. जनावराला कळतं, हात गार पडल्याला." थोडा वेळ शेंगा तोडत राहिल्या. "पण रोहिणे, लगीन आईबापानं ठरवलं. शेतात काय लावायचं ते मालकांनी ठरवलं. रांडपण देवानं ठरवलं. साठ वर्सांत मी ठरिवल्यालं ह्ये एकच हाय बघ."

मी टोपली उचलली. धार त्या सकाळी मीच काढली.

तर तिरडी बांधून झाली. आत्या तिच्यावर आडव्या झाल्या. नाकात कापूस घातला, पायाचे अंगठे दोऱ्याने एकत्र बांधले. ते बांधताना संदेश नावाच्या पोराची गाठच बसेना. शेवटी आत्याच म्हणाल्या, घट्ट बांध रं, सुटली तर पुन्यांदा झोपावं लागंल.

शेजारच्या बायकांना रडायला बोलावलं होतं. आधी त्या पदराआड हसत होत्या. मग एकीला तिची आई आठवली, दुसरीला जाऊ आठवली आणि बघता बघता खरंच सुरू झालं. ज्या बायकांनी कुंकवावरून नावं ठेवली होती, त्याच छाती बडवून घेत होत्या. प्रगती, गोजराक्काच्या सुनेचं काम करणारी पोरगी, आत्यांच्या अंगावर पडून हमसून रडली. या पोरीला आत्यांनी तीन वर्षं स्वतःच्या हाताने भाकरी खाऊ घातली होती. खऱ्या सुनेला कुणी रडायला सांगितलं नव्हतं. मी दाराची चौकट घट्ट धरून उभी होते.

दिग्विजयने दोनदा थांबवलं. काकूंचा श्वास दिसतोय म्हणाला. तिसऱ्या वेळी आत्यांनी श्वास धरला. कॅमेरा पायापासून तोंडापर्यंत सावकाश सरकत गेला. पोट हललं नाही, पापणी हलली नाही. मळवटाखालचा चेहरा हळूहळू कुणा परक्या बाईचा दिसायला लागला. माझ्या पोटात बाळ जोरात फिरलं.

"कट," दिग्विजय म्हणाला, तेही पुटपुटल्यासारखं.

आत्या हलल्या नाहीत. बायकांचं रडणं एकदम तुटलं. कुणी पुढे होईना. मग आत्यांनी मोठा श्वास घेतला, डोळे उघडले आणि उठवून घ्यायला म्हणून हात वर केला.

तो हात कुणी धरला नाही.

दिग्विजय कॅमेऱ्यात बघत राहिला. संदेश दोन पावलं मागे सरला. प्रगतीने तर पदर तोंडाला लावला. तिरडीवरून उठणाऱ्या माणसाला हात कोण देणार? आत्यांचा हात तसाच वर राहिला आणि त्यांनी एकेकाकडे बघितलं. मला त्यांची नजर सहन झाली नाही. चौकट सोडून मी धावले. पाचव्या महिन्यातली बाई धावते तशी धावले आणि हात पुढे केला.

आत्यांनी झटकन आपला हात लुगड्यात लपवला.

"तू नगं," त्या म्हणाल्या. "तू लांब हो."

मग कोपरावर रेटून त्या स्वतः उठून बसल्या. नाकातला कापूस काढला. वाकून अंगठ्यांची गाठ सोडायला लागल्या. संदेशने शेवटी बरीच घट्ट मारली होती, सुटायला वेळ लागला. तोवर आम्ही सगळे नुसते बघत होतो.

महिपतीआबांनी माझ्याकडून मूठभर कणीक मागून घेतली. तिचं बाहुलं करून तिरडीवर ठेवलं आणि एकटेच ती ओढत ओढ्याकडे जाळायला घेऊन गेले. तेवढ्याने भागतं का, कोण जाणे.

पोरांनी सामान गोळा करून गाडीत भरलं. एरवी ती आत्यांच्या पाया पडल्याशिवाय जात नाहीत. दिग्विजय फाटकाबाहेरूनच म्हणाला, एक नंबर झाला सीन, काकू, नवीन वर्षात बघू मग. दोन तारखेचं नाव त्याने काढलं नाही. आत्यांनीही विचारलं नाही. नुसती मान हलवली.

त्या घरात आल्या नाहीत. बाहेरच पाणी मागितलं, तेही गार. मयतीहून आलेलं माणूस करतं तशी परसात डोक्यावरून आंघोळ केली. स्वतःच्याच मरणाची आंघोळ. मग पांढऱ्या कपाळाने ओट्यावर येऊन बसल्या, माझ्यापासून जरा अंतर ठेवून. ऊन उतरलं होतं. बराच वेळ अंगठे चोळत राहिल्या आणि मग मला सांगायला लागल्या, की पहिल्या सीनमध्ये आई दिसणारच नाही. नुसता घाट, धुकं आणि मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा. मग लेकरू रडल्याचा आवाज. मी हं हं करत होते. बोलता बोलता त्या थांबल्या.

"त्यो काय आता करत न्हाय आईची गोष्ट," म्हणाल्या. "भ्यालंय पोरगं मला."

मी जरा सरकून त्यांच्याजवळ बसले.

"रोहिणे, माझा हात गार लागतो का गं?"

या वेळी मी त्यांना हात लपवू दिला नाही. ओढून घेऊन दोन्ही हातांत धरला. गार होता. मला नको वाटेल इतका गार.

"न्हाय आत्या," मी म्हणाले, "चांगला ऊन हाय."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग हात सोडवून घेतला, बादली उचलली आणि गोठ्यात गेल्या. मी दारात उभी राहिले आणि बादलीत धार वाजण्याची वाट बघत राहिले.