अनुमोदकाची जागा

धर्मापुरीच्या दूध संस्थेचा सचिव म्हणून माझी निम्मी हयात सभांचं प्रोसिडिंग लिहिण्यात गेली. ठराव, खाली सूचक, त्याखाली अनुमोदक आणि शेवटी अध्यक्षांचे आभार. हाताला दुसरं वळणच नाही. सहकार व्यवस्थापनाच्या पदविकेला नाव घातलं, तेव्हा डोईफोडे सरांनी रोज मनातलं लिहायला एक रोजनिशी ठेवायला सांगितली. मी तीही तशीच लिहिली. 'चारा छावणीतील जनावरे पाहून वाईट वाटले. सर्वानुमते मंजूर.'

सरांनी वही परत केली. "कल्याणराव, सभा छान झाली. पण तुम्ही हजर नव्हतात."

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. रोजनिशी मंजूर झाल्याशिवाय परीक्षेला बसता येणार नव्हतं, आणि पदविका नसेल तर सचिवाची खुर्ची दुसऱ्याला, असं संचालकांनी तोंडावर सांगितलं होतं. दुष्काळात दूध निम्म्यावर आलेलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुसरीकडं कोण विचारणार?

घरी येऊन सगळा राग बायकोवर, जगदेवीवर काढला. ती नुकतीच टँकरवरून घागर घेऊन आली होती. तिनं आधी घागर उतरवली, मग बोलली.

"सवय हाय तशीच लिवा की. अनुमोदक पायजे ना? मला वाचून दाखवा. पटलं तर हो म्हणीन."

पहिलाच ठराव पडला. मी लिहिलं होतं, 'गाय छावणीत नेऊन बांधली. व्यवस्था पाहून समाधान वाटले.'

"न्हाई," भाकरी थापता थापता ती म्हणाली.

"न्हाई म्हंजे?"

"समाधान कुठं वाटलं? दावं बांधून तुमी दोनदा माघारी फिरलाव. मी बघितलं की."

झक मारत खोडलं आणि पुन्हा लिहिलं, 'गाय वळून बघत होती. मला रडू आलं. धुळीचं निमित्त करून डोळे पुसले.'

"आता हाय अनुमोदन."

पुढं हे रोजचंच झालं. एकदा लिहिलं, 'दुधात पाणी आढळल्याने सभासदास समज दिली.' जगदेवीनं मान हलवली. "समज दिली का वरडलाव? चार बायांत भिवराबाईला लई बोललाव तुमी." दुसऱ्या दिवशी मी भिवराबाईच्या दारात जाऊन माफी मागितली, आणि तेही लिहिलं. त्या दिवशी जगदेवीनं न विचारताच हो म्हटलं.

वही द्यायच्या आदल्या दिवशी शेवटचा ठराव वाचला. 'जगदेवीनं वर्षभर टँकरची रांग धरली, छावणीत शेण काढलं, पण या वयात शिकून काय दिवे लावणार, असं एकदाही म्हटलं नाही. तिचे आभार. सूचक, कल्याणराव.'

पदराला हात पुसत ती म्हणाली, "याला मी न्हाई अनुमोदन देनार."

"कावून?"

"सोताच्या आभाराला सोताच हो म्हणू व्हय? तुमच्या संस्थेत चालतं का आसं?"

आमच्या संस्थेत सर्रास चालतं, पण ते तिला कशाला सांगू! जागा रिकामी ठेवून वही दिली. अनुमोदकाशिवाय ठराव पडतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

आठवड्यानं वही परत मिळाली. वर्गाबाहेर उभं राहूनच मी शेवटचं पान उघडलं. रिकाम्या जागेवर डोईफोडे सरांची सही होती आणि खाली लिहिलं होतं, 'मंजूर. परीक्षेला बसावे.'

घरी येऊन ते पान जगदेवीला दाखवलं. सहीवरून तिनं हलकंच बोट फिरवलं.

"झाला म्हना ठराव."

"झाला."

"मंग संपवा सभा. भाकर गार व्हायलीय."

निम्मी हयात जे वाक्य मी न बघता लिहीत आलो, ते त्या दिवशी तिच्याकडं बघत म्हणालो. "अध्यक्षांचे आभार मानून सभा संपली."