पाचव्या डब्याचा शेवटचा सेकंद

मी फिल्म बोलतेय. अख्खा सिनेमा नव्हे हो, त्याचा पाचवा डबा तेवढा. जन्म बर्लिनचा, १९३१ सालचा. सिनेमाला नुकतीच वाचा फुटली होती आणि ऑपेरेटा, म्हणजे तिकडची हलकीफुलकी संगीत नाटकं, धडाधड पडद्यावर येत होती.

आमची नायिका दिसायला देखणी, पण सूर लागेल तर शपथ. मग सेटच्या आडोशाला दुसरीच बाई उभी करून गाणं घेतलं. नायिकेनं नुसते ओठ हलवले. त्या गाणाऱ्या बाईचं नाव कुठेच छापलं नाही. तिला ते फार लागलं असावं. गाणं संपलं आणि कॅमेरा थांबायच्या आत तिनं हळूच स्वतःचं नाव घेतलं. माझ्या कडेला आवाजाची पट्टी असते, तिच्यात ते उमटलं.

पण ऐकणार कोण? डबा संपत आला की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका येतो आणि ऑपरेटर लगेच दुसरं मशीन सुरू करतो. माझा शेवटचा सेकंद कुणी वाजवलाच नाही. नंतर मला न्यूयॉर्कला पाठवलं, तिथल्या जर्मन वस्तीतल्या थिएटरातही नाही. पुढे साठ वर्षं एका गॅरेजमध्ये कुजत पडले.

आता न्यूयॉर्कजवळच्या पिस्कॅटवे गावातल्या एका लॅबमध्ये आहे. अंग चिकट झालंय, कडांची भुकटी होतेय. नायिकेचा चेहरा केव्हाच विरघळला, आता एक तपकिरी डाग गातो. मी पटकन पेट घेणाऱ्या जातीची, म्हणून एकदा स्कॅन करून उद्या मला नष्ट करणार आहेत. ती गाणारी बाई वाचली तर आजच.

दुपारी आसावरीनं मला मशीनवर चढवलं. पोरगी शेजारच्याच एडिसन गावची, हात हलका. स्कॅन पार पडलं.

"शेवटचा सेकंद ट्रिम कर यार," साउंडचं काम बघणारा नागपूरचा निमिष म्हणाला. "म्युझियमला गाणं हवंय, खरखर नाही."



"वेट. कुणीतरी बोलतंय." तिनं पुन्हा वाजवलं. "हेडविग. पण हे नाव कास्टमध्ये नाहीये."

"मग कशाला ठेवतेस?"

"म्हणूनच ठेवते."

तिनं फाइलमध्ये लिहिलं, गायिका हेडविग. मला डब्यात ठेवून झाकण लावलं, मशीन बंद केलं, स्पीकरचा प्लग काढला. मग उच्चार जमतोय का बघायला मोठ्यानं म्हणाली, "हेडविग?"

स्पीकरमधून कुणीतरी ओ दिली.

निमिष खुर्चीतून उठून उभा राहिला. आसावरीनं डब्याकडे पाहिलं. मी नव्हते हो, शपथ.

उद्या मला खुशाल जाळा. फक्त ते गाणं ऐकून तिचं नाव घ्याल, तर उगाच गंमत म्हणून घेऊ नका. ती येते.