शेंदराखालचा आकडा

मित्रांनो, सुरुवात करते.

मी एक जुनी

नाही जमले. थांबा जरा. माझ्यासारख्या यंत्राला पहिल्या दमात सुरू होता येत नाही. आधी पंखा फिरतो, मग तबकड्या फिरतात, त्यांनी पुरेसा वेग घेतला की मग वाचणारी डोकी हळूच पुढे सरकतात. तोवर वाट पाहावी लागते.

आता ऐका. मी डिस्कपेटी आहे. कपडे धुण्याच्या यंत्राएवढी उंच. वर पारदर्शक झाकण, आत ग्रामोफोनच्या तबकड्यांसारख्या तबकड्यांची चळत. ती चळत मुठीने धरून उचलता येते. कॉम्प्युटर माझ्यापासून चार हात लांब उभा असे आणि आम्हा दोघांमध्ये मनगटाएवढी जाड केबल. त्याला स्वतःचे काही आठवत नसे. रोज सकाळी कळ दाबली की तो एकच विचारी, शून्य नंबर कुठे आहे? शून्य नंबर मी. जागे कसे व्हायचे ते माझ्या तबकड्यांवर लिहिलेले होते. मी ते सांगे, मग तो जागा होई.

हा नंबर माझ्या अंगावर कोरलेला नव्हता. समोरच्या पट्टीत बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची गुल्ली खोचलेली असे. तिच्या तोंडावर आकडा आणि पाठीला खाचा. मी शून्य की एक, ते त्या खाचा ठरवत. गुल्ली बदलली की मीही बदलले.

पुढचे सगळे या गुल्लीमुळे झाले.

एकोणीसशे एकोणसत्तर साली मी जहाजाने कलकत्त्याला आले. गार्डन रीचला नदीकाठी एक सरकारी कार्यालय होते, तिथे मला ठेवले. नदीच्या तळाशी वाळू सरकत राहते. आज कुठे किती पाणी आहे याचा तक्ता आम्ही रोज सकाळी छापायचो. तो पाहून जहाजे समुद्रातून वर आणायची की तिथेच थांबवायची, हे ठरे. पहिल्या वर्षी माझे फार कौतुक झाले. मोठे साहेब चपला दाराबाहेर काढून मला पाहायला येत आणि बाहेर उकडत असले की गार हवेसाठी जरा जास्तच वेळ पाहत.

मग शेजारी एक नंबरची नवी पेटी आली. तिचा रंग निळा होता. लोक तिला पाहायला येऊ लागले.

माझ्याकडे येत ते फक्त दिगंबरराव.

हे यंत्र चालवणारे, नागपूरचे. बदलीवर आलेले, पन्नाशीतले. पत्नी सरलाबाई सासूच्या आजारपणामुळे तिकडेच राहिल्या होत्या. दिगंबरराव बालीगंजला एका खोलीत एकटे राहत. बसवाल्याशी हिंदी, कार्यालयात इंग्रजी आणि मोडकी बंगाली. मराठी बोलायला कुणीच नव्हते, म्हणून ते माझ्याशी बोलत. मी मराठी अशी शिकले.

"काय पेटीबाई, झोप झाली का? उठा आता. जहाजं खोळंबलीत."

तबकड्या वेग घेईपर्यंत मिनिट-दीड मिनिट जाई. तेवढ्यात ते मला घरचे सांगत. आईने काल दोन घास जास्त खाल्ले. सरलेचे पत्र आले, अक्षर घाईचे वाटते. बदलीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर आहे.

दुरुस्ती पाहणारे तारापदबाबू दारातून हसत. "दिगंबरदा, बायकोला एवढं बोलला असता तर ती नागपूरहून पळत आली असती."

"तिला बोललो तर ती उलट बोलते, तारापदबाबू. ही ऐकून घेते."

चार वर्षे असे चालले.

*

आता सतरा सप्टेंबर, एकोणीसशे शहात्तर. विश्वकर्मा पूजा. त्या दिवशी या शहरात यंत्रे बंद असतात आणि आभाळभर पतंग असतात. व्हरांड्यात मूर्ती बसली होती. तारापदबाबूंनी पाने-पेचकस मांडले. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या सुचित्राने आपली फूटपट्टी ठेवली.

दिगंबरराव दारात घुटमळले. त्यांच्या घरी खंडेनवमीला अडकित्त्यापासून विळीपर्यंत सगळी हत्यारे पाटावर मांडून पुजत. मला तर कुणी उचलून मूर्तीपुढे नेणार नव्हते. मग त्यांनी काय केले, माझी गुल्ली उपटली, शेजारणीचीही उपटली आणि दोन्ही ताटात ठेवल्या.

"हेच तुमचं नाक समजा," ते मला म्हणाले.

पुरोहिताने तेलात कालवलेला शेंदूर दिला. दिगंबररावांनी तो दोन्ही गुल्ल्यांना लावला आणि मनापासून लावला. एक टिळा पुरला असता. त्यांनी सगळे तोंड माखले. आकडे दिसेनासे झाले.

संध्याकाळच्या आत त्यांनी गुल्ल्या परत खोचल्या. माझी तिला, तिची मला.

मला ते लगेच कळले. दुसऱ्याचा सदरा चढवल्यासारखे वाटले. पण सांगणार कसे? मला दिवे आहेत, तोंड नाही.

*

दुसऱ्या दिवशीची नोंदवही. ९.१०. कॉम्प्युटर सुरू होत नाही.

तो विचारत होता, शून्य नंबर कुठे आहे? शेजारीण म्हणत होती, मी. तिच्या तबकड्यांवर नदीची जुनी मापे होती, जागे होण्याची रीत नव्हती. तो तसाच निजून राहिला.

९.२५. केबल काढून परत लावली. नाही.

९.५०. फ्यूज ठीक. हवेची जाळी साफ केली. नाही.

"पेटीबाई, काय झालं हो? असं नका करू," दिगंबरराव हळूच म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

शेंदूर सगळ्यांना दिसत होता. पण पूजेचा शेंदूर पुसतो कोण? तो आपोआप उडेल तेव्हा उडेल. तारापदबाबूंनी माझी पट्टी पुसली, तीही गुल्लीला वळसा घालून.

१०.४०. साहेब आले. अनिमेषबाबू. "दोन जहाजं खाली समुद्रात उभी आहेत. मला दर पाच मिनिटांनी फोन येतोय. काय सांगू त्यांना?"

११.१५. तारापदबाबूंनी शेवटचा उपाय केला. माझ्यातली तबकड्यांची चळत उचलली आणि शेजारणीत बसवली. कळ दाबली.

कॉम्प्युटर जागा झाला.

होणारच. शून्याची गुल्ली तिच्याकडे, शून्याच्या तबकड्याही आता तिच्याकडे. पण माणसांना त्यात काय दिसले? तबकड्या चांगल्या, केबल चांगली, कॉम्प्युटर चांगला. म्हणजे बिघडली ती मी.

"डोकी गेली हिची," तारापदबाबू म्हणाले. "सात वर्षं झाली, सर. म्हातारी झाली. भंगारात काढा."

"लिहून द्या. मी सही करतो," साहेब म्हणाले. मग जाता जाता वळले. "दिगंबरबाबू, तुमचं बदलीचं शिफारसपत्र टाइप झालंय. आज पाठवतो. दुर्गापूजेच्या सुटीत घरी जा, कायमचे."

बारा वाजता तक्ता छापून झाला. जहाजांना निरोप गेला. माझ्या झाकणावर चिकटपट्टीने एक कागद लागला. नादुरुस्त.

*

टिफिनच्या सुटीत सगळे बाहेर गेले. दिगंबरराव माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसले. डबा उघडलाच नाही.

"पेटीबाई, मी घरी चाललो, आणि तुम्ही..." त्यांनी माझ्या पट्टीवर हात ठेवला. अंगठा गुल्लीवर पडला, घसरला, लाल झाला.

शेंदराखाली एक होता.

ते खुर्चीवरून उठले. मग शेजारणीच्या गुल्लीवरून त्यांनी अंगठा फिरवला. शून्य.

त्यांनी दोन्ही गुल्ल्या उपटून तळहातावर घेतल्या. मित्रांनो, तो तळहात मला अजून दिसतो. काम तर झाले होते. गुल्ल्या होत्या तशा खोचून शेंदराचे एकेक बोट फिरवले असते, तर पत्र संध्याकाळच्या टपालाने नागपूरला गेले असते. मी भंगारात जाणार होते, पण मी काही त्यांची कुणी नव्हते. मी लोखंड होते.

त्यांनी एकदा गुल्ली चुकीच्या जागी नेलीदेखील. माझ्या पट्टीत तिचे टोक टेकले. मग मागे घेतली.

सगळे परतले तेव्हा तबकड्या माझ्यात होत्या आणि कॉम्प्युटर जागा होता.

"ओमा! दिगंबरदा, जादू केलीत की काय?" सुचित्रा ओरडली.

"म्हाताऱ्या यंत्रांची लहर असते," तारापदबाबू म्हणाले. "उद्या परत बंद पडेल. काढायचीच."

त्यांच्यामागून आलेले साहेब दारातच थांबले होते.

"लहर नाही," दिगंबरराव म्हणाले. "गुल्ल्या मी काढल्या होत्या. पूजेत ठेवायला. परत लावताना उलट्या लावल्या."

साहेब पुढे आले.

"कुणाला विचारून काढल्या?"

"कुणालाच नाही, साहेब."

"दोन जहाजं, दिगंबरबाबू. तीन तास." अनिमेषबाबू वाईट नव्हते. त्यांचा आवाज चढला नाही. "आता वरून चौकशी होईल. चौकशी चालू असताना मला बदलीची शिफारस करता येत नाही. पत्र थांबवावं लागेल. निदान वर्षभर."

"कळतं मला."

त्यांनी वही ओढली आणि लिहिले. दोष यंत्राचा नाही. चूक माझी. खाली सही. मग माझ्या झाकणावरचा कागद सोलून काढला. चिकटपट्टीचा डाग राहिला.

*

मला वाटले होते, उद्या ते येतील, म्हणतील, काय पेटीबाई, वाचलात की!

ते आले. कळ दाबली. माझ्या तबकड्या फिरू लागल्या. मिनिट-दीड मिनिट ते खिडकीबाहेर नदीकडे पाहत उभे राहिले.

बोलले नाहीत. त्यानंतरही नाही. रागावले नव्हते, पूर्वीइतक्याच जपून झाकण उघडत. पण घरचे काही सांगण्यासारखे राहिले नसावे. हिवाळ्यात एक तार आली. ते दहा दिवस नव्हते. परतले तेव्हा डोक्यावरचे केस नुकते फुटू लागले होते. आईची शेवटची भेट झाली की नाही, हे मला कधीच कळले नाही.

पुढच्या ऑक्टोबरात त्यांची बदली झाली. त्यांच्या जागी आलेले गृहस्थ घाईचे होते. मी आणखी पाच वर्षे रोज सकाळी कॉम्प्युटरला जागे केले. एकही दिवस चुकले नाही. कुणी माझ्याकडे पाहून दोष काढला नाही, की आणखी काही बोलले नाही.

मित्रांनो, धूळ पुसा, तेल घाला, यंत्र जपा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मला दुसरे मागायचे आहे. तुमच्यात कधी कुणी उठून म्हणेल, चूक माझी. सगळे ऐकतील, मान हलवतील आणि आपापल्या जागी जातील. तो माणूस तिथेच राहील. तुम्ही जाऊ नका. खुर्ची ओढा, त्याच्याशेजारी बसा, काहीतरी विचारा. जेवलास का, एवढे विचारले तरी चालेल.

त्या दिवशी दुपारी दिगंबररावांचा डबा तसाच परत गेला. मी चार हातांवर होते, आणि चालू होते. पण विचारायला मला तोंड नव्हते.