कोरं रीळ

थिएटरच्या म्हाताऱ्या ऑपरेटरने फिल्मची कड चिमटीत धरली आणि ती बोटांतून हळूहळू सरकवायला सुरुवात केली. बाकीची रिळं त्याने अशीच तपासली होती. कुठे कड फाटलेली, कुठे जोड सुटलेला, कुठे कुणा गाढवाने साधी चिकटपट्टी मारलेली. प्रत्येक ठिकाणी त्याच्या तोंडून एक शिवी निघत होती. हे शेवटचं रीळ मात्र त्याच्या बोटांतून गुपचूप सरकत राहिलं. बऱ्याच वेळाने तो थांबला.

"हे कोरं आहे," तो म्हणाला.

"कोरं म्हणजे? यावर चित्रच नाही?" भाचा पुढे वाकला.

"चित्र आहे हो. पण मशीनवर चढलेलं नाही. एक ओरखडा दाखवा, मिशी उतरवतो." मग त्याने डब्यावरचं लेबल पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "शेवटचं ना? मग बरोबर आहे. शेवटची बस!"

हा गावातल्या मावशीचा भाचा; स्वतः गावात राहणारा नव्हता. विमा कचेरीतून निवृत्त झाल्यावर माणसं बाग करतात, देशाटन करतात. याने छोट्या गावांतल्या बंद पडलेल्या थिएटरांचा इतिहास लिहायला घेतला. बायको म्हणाली, "घरातला नळ गळतोय, तो इतिहासजमा व्हायच्या आत बघा." पण तो कुठला ऐकतोय. गावोगाव हिंडला. हाती काय आलं? अर्धी थिएटरं गोदामं झाली होती, उरलेली जमीनदोस्त. लोकांना विचारावं तर त्यांना आठवत होते बाकांतले ढेकूण. मालकांच्या मुलांनी कागद रद्दीत घातले होते. कुणाला नको असलेलं पुस्तक आपण लिहितोय, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. आणि अशात दुसऱ्या एका गावात, पडक्या थिएटरच्या माळ्यावर, ही प्रिंट सापडली आणि ती घेऊन तो मावशीच्या गावच्या या ऑपरेटरकडे आला. या पिक्चरची दुसरी प्रिंट कुणी पाहिल्याचं ऐकिवात नव्हतं.

"शेवटच्या बसचं काय?" त्याने विचारलं.

"अहो, आमचं अर्धं पब्लिक आसपासच्या वाड्यांवरचं. रात्रीचा खेळ सुटायच्या आत बस निघून जायची. बस चुकली की पुढच्या खेपेला माणूस येणार का? मग मालकांनी शक्कल काढली. पिक्चर लांबीचं असलं की शेवटचं रीळ लावायचंच नाही. आधीचं कुठे तोडलं की गोड वाटेल, ते मालक स्वतः बसून ठरवायचे. 'समाप्त'चा एक तुकडा होता माझ्याकडे, तोच सगळ्या पिक्चरांना जोडायचा."

"आणि दुपारच्या खेळाला?"

"दुपारीही तेच. दुपारच्यांना जास्त आणि रात्रीच्यांना कमी दाखवलं तर दगड नसते पडले? या भागातल्या सगळ्या थिएटरांचं असंच. प्रिंट इकडून तिकडे फिरली, पण हे रीळ डब्यात झोपूनच."

भाचा उडालाच. इतक्या वर्षांच्या पायपिटीत पहिल्यांदा काहीतरी घबाड हाती लागलं होतं. एका अख्ख्या मुलखाने अर्धवट पिक्चर पाहिलं आणि ते पुरं समजून जन्म काढला! ऑपरेटर जिथे थांबला होता तिथली पट्टी त्याने खिडकीच्या उजेडाकडे धरली. नखाएवढ्या चौकटीत एक दिवा होता, अलीकडे एक बाई, पलीकडे एक पुरुष, दोघं समोरासमोर बसलेले.

"आई आणि मुलगा," तो खुशीत म्हणाला. "याच्यात पुढे काय आहे, काका?"

"देव जाणे. मी तरी कुठे पाहिलंय?" म्हातारा म्हणाला. "फिल्म सुकलीय, एकदाच चालेल बघा. चालवू. मलाही डोळे मिटायच्या आत पाहायचंय."

पिक्चरच्या गाण्यांची चोपडी भाच्याकडे होती. तिच्यात गोष्ट अर्ध्यावर आणून सोडली होती आणि खाली रिवाजाप्रमाणे छापलं होतं, 'पुढे काय होते ते पडद्यावरच पाहा.'

तो मावशीकडे उतरला होता. हे पिक्चर तिला कसं सांगावं, याचा त्याला विचार पडायला हवा होता, पण आनंदात कुणाला सुचतं? मावशीचा मुलगा, म्हणजे भाच्याचा दादा, मिसरूड फुटायच्या वयात बापाशी भांडून घरातून निघून गेला होता. ना पत्र, ना निरोप. त्याच साली हे पिक्चर गावात लागलं. गोष्टही तीच: मुलगा रुसून जातो, आई वाट पाहून म्हातारी होते, आणि शेवटी एका रात्री दार वाजतं. आई दार उघडते. दारात तो उभा, मागून उजेड. समाप्त. मावशीने ते आठवडाभर रोज पाहिलं. तेव्हापासून नवरा गेला, दीर-जावा दूर झाल्या, भाच्याने दहादा सांगितलं की माझ्याकडे राहायला चल. तिचं उत्तर ठरलेलं.

"आणि तो आला म्हणजे? कुलपाला हाक मारेल?"

बाकी बाई मोठी हुशार. भाजीवाल्याला बोलण्यात हार जाणार नाही, भोंदू ज्योतिषाला पायरी चढू द्यायची नाही. पण या एका बाबतीत तिच्यापुढे कुणाची मात्रा चालत नसे. "पिक्चरमधल्याला उशीर झालाच होता की," एवढंच म्हणायची.

"मावशी, तुझं दारातलं पिक्चर सापडलं!" भाच्याने चपला काढता काढता सांगितलं. "आणि पुढचंही आहे! तुम्हाला कुणाला दाखवलंच नव्हतं ते."

"पुढचं आणखी काय असणार?" मावशी कपड्यांच्या घड्या घालत होती. "आला, जेवला, झोपला."

"तेच तर बघायचं! मी बघितलंय थोडं उजेडात धरून. दोघं समोरासमोर बसलेत."

मावशीची घडी चुकली. तिने ती मोडून पुन्हा घातली.

"जेवताना दाखवलाय का रे?" तिने विचारलं.

"असेल."

"माझा हा पुढ्यातलं ताट मांडीवर घेऊन जेवायचा. किती ओरडले तरी," ती म्हणाली, आणि मग उगाचच हसली. त्या दिवशी ती एकटीच स्वयंपाकघरात गुणगुणत होती. कितीतरी वर्षांत भाच्याने ते ऐकलं नव्हतं.

खेळ दुपारी ठेवला. थिएटरात आता सिमेंटची पोती असत; मालकाच्या नातवाने "एकदाच हं" असं बजावून ती एका बाजूला रचून दिली. प्रेक्षक म्हणजे गावातली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी म्हातारी मंडळी, आणि तीही पुढच्या बाकांवर, कारण दिसत कुणालाच धड नव्हतं. मावशी ठेवणीतली शाल घेऊन आली होती. भाच्याने तिला मागच्या बाकावर, पंख्याखाली बसवलं. पंखा चालत नव्हता ती गोष्ट वेगळी.

पडद्यावर रेघांचा पाऊस कोसळत होता. आवाज मधूनच बुडत होता. पण म्हाताऱ्यांना सगळं पाठ. नायक बोलायच्या आधी तेच बोलत होते. मावशी मात्र बाकाच्या कडेला सरकून बसली होती.

दार वाजलं. पडद्यावरची आई उठली, कडी काढली. दारात तो उभा, मागून उजेड. पुढच्या बाकावरचे दोघं-तिघं सवयीने उठलेच, काठ्या चाचपू लागले.

तेवढ्यात वरच्या केबिनमध्ये शेवटचं रीळ चढवलेलं दुसरं मशीन खडखडलं आणि पडद्यावरचा पाऊस एकदम थांबला. चित्र धुतल्यासारखं लख्ख झालं. दारातला माणूस एक पाऊल आत आला आणि दिव्याचा उजेड त्याच्या तोंडावर पडला.

तो मुलगा नव्हता.

भलताच कुणीतरी होता. हातात मुलाची पिशवी होती. 'आम्ही एका खोलीत राहायचो,' तो म्हणाला. आवाज असा स्वच्छ की त्याचं आवंढा गिळणंही ऐकू आलं. आईने त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं. दोघं समोरासमोर बसले. 'कधी?' तिने विचारलं. 'फार झाली वर्षं,' तो म्हणाला. 'घरून आला त्याच पावसाळ्यात. पत्ता ठाऊक नव्हता, म्हणून...'

आता कुठे भाच्याच्या डोक्यात उजेड पडला. मी काय करून बसलो! मेलेल्या थिएटरांची हाडं उकरता उकरता जिवंत माणसाच्या उरावर आणून ठेवली. तो ताडकन उठला. वर जायचं, मशीन बंद करायचं, काहीही करून बंद करायचं. पण मावशीने त्याची बाही धरून त्याला खाली ओढलं.

"बस खाली," ती म्हणाली. "मागच्यांना दिसत नाही."

मागे कुणीही नव्हतं.

तो बसला. पडद्यावरचा माणूस निरोप घेऊन निघून गेला. आई दिव्यापाशी बसून राहिली. कॅमेरा बराच वेळ तिथेच थांबला, आणि मग पिक्चरचा स्वतःचा, कुणी न पाहिलेला 'समाप्त' आला.

ऑपरेटर घाम पुसत जिना उतरला. त्याचं तोंड पार उतरलं होतं. तो मावशीसमोर येऊन उभा राहिला.

"आवाज छान होता," मावशीच म्हणाली. "तेव्हा कधी इतका लागला नव्हता."

"कोरं होतं ना, वहिनी," तो पुटपुटला.

घरी जाताना भाच्याने तिचा हात धरायला पाहिलं. तिने तो सोडवून घेतला. रस्ता खणून ठेवलेला होता, ती जपून पावलं टाकत होती. सायकलच्या दुकानापाशी तिला एक शेजारीण भेटली, तिच्याशी ती गुडघ्यांबद्दल बोलली. सगळं नेहमीसारखं. भाच्याला वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं. मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तर त्याहून बरं.

"मावशी," शेवटी तो म्हणाला, "ते नुसतं पिक्चर आहे गं. कुणीतरी लिहिलेलं. त्याच्यावर काय जायचं!"

"आजवर त्याच्यावरच गेले की मी," मावशी म्हणाली.

चार घरं मागे पडली. मग तिनेच विचारलं,

"ती बाई पुढे काय करते रे?"

"कोण?"

"तीच. तो निरोप देऊन गेला, त्याच्यानंतर."

"तिथे संपतं, मावशी."

"संपतं कसं? बाई तर बसलेलीच होती." ती थांबली. धाप लागली होती, पण स्वर साधाच होता, दुकानात दोऱ्याचा रंग विचारावा तसा. "याच्या पुढचं रीळ असेल. हेही लोकांनी इतकी वर्षं काढूनच ठेवलं होतं ना? तसंच तेही कुणी काढून ठेवलं असेल."

पुढचं रीळ नव्हतं. डबे त्याने स्वतः उघडले होते, लेबलं स्वतः वाचली होती. शेवटचं म्हणजे शेवटचं.

"असेल," तो म्हणाला.

"मग शोध," मावशी म्हणाली. "काहीतरी केलंच असेल ना तिने."