मामाची मांडी

माझ्या नाकावर राग असतो, हे आर्वी नाक्यावरच्या चहावाल्यापासून सगळ्यांना माहीत आहे. गाड्यांची सीट कव्हरं शिवून बसवायचं माझं दुकान आहे, सतरा वर्षं झाली. माझ्या कामात कोणी खोट काढलेली मला खपत नाही. त्यात ती दुकान उघडायच्या आत काढली तर विचारूच नका.

त्या सकाळी शटर अर्धंच वर गेलं होतं. एकुलत्या एका बहिणीच्या, काजलच्या, पोराचं जावळं होतं त्या दिवशी. साडेदहाला पिपरी मेघ्याहून सगळे निघणार होते, नाचणगावला त्यांच्या शेतातल्या देवीपुढं. जावळं मामाच्या मांडीवर काढतात, हे सगळीकडचंच. पण काजलच्या सासऱ्यांच्या, अण्णाजींच्या घरची रीत आणखी एक पाऊल पुढं. घराच्या उंबऱ्यापासून केस उतरेपर्यंत पोरानं मामाच्या मांडीवरून हलायचं नाही. गाडीतसुद्धा. गेला महिनाभर मी त्याच तोऱ्यात होतो. नवा सदरा शिवून घेतला होता आणि तो अंगावरच होता.

तेवढ्यात एक पांढरी गाडी येऊन थांबली. मागच्याच आठवड्यात मी तिला कव्हरं बसवली होती, काळी, लाल शिलाईची. चालवत एक बाई होती, तिशीची. तिनं मागचं दार उघडून मला आत बघायला लावलं. मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची आडवी पडली होती, गाडीत बांधायची असते ती.

"भाऊ, मागचे बक्कल कोठी गेले?"

"काढले."

"काऊन काढले?"

"टोचते म्हणून. सगळ्याईचेच काढतो."

खरं तेच होतं. आपल्याकडं मागच्या सीटवर तिघं कधी बसतात? चौघं बसतात, लग्नसराईत पाच, वर मांडीवरची वेगळी. सीटबेल्टच्या पट्ट्याची बक्कलं बुडाखाली टोचतात आणि गिऱ्हाईक येऊन मलाच बोलतं. म्हणून माझा कारागीर कवडू मागची सीट उचलतो, चौदा नंबरच्या पान्यानं बक्कलं सोडवून घेतो आणि वर कव्हर असं ताणून बसवतो की हात फिरवला तर शिवणसुद्धा लागू नये. अशी फिनिशिंग वर्ध्यात दुसऱ्या कुणाकडं मिळत नाही, असं मी छातीठोक सांगत आलो होतो.

"मले इचारलं होतं?" ती म्हणाली.

"गाडी तुमच्या मिस्टरांनी आणलती. त्याईले सीट पसंत पडली."

"पोरगी त्याईच्याच मांडीवर बसणार होती, म्हणून पसंत पडली. आता नाई बसणार. बक्कल द्या."

तिनं 'द्या' असं म्हटलं जसं काही मी चोरून नेली होती. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, ताई, बक्कल बसवलं तर ते वर यायला कव्हर कापावं लागते, आणि मी शिवलेलं मी कापत नाही. ती म्हणाली, नका कापू. टेबलावरची माझी पाती तिनं उचलली, सीटच्या सांध्यात घातली आणि टराटरा दोन चिरे मारले. माझ्या लाल शिलाईतून. सतरा वर्षांत माझ्या कामाला माझ्यादेखत कोणी हात लावला नव्हता.

कवडू पन्नाशीचा, शांत माणूस. तो आतून डबा घेऊन आला. पंधरा किलोच्या तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, काढलेली बक्कलं त्यात टाकायची आमची पद्धत. तिच्या गाडीची वरच होती. त्यानं ती जागेवर कसली, तिनं पट्टा ओढून लावून पाहिला, टक असा आवाज आला. मग तिनं ती खुर्ची सीटवर उलटी ठेवली, पोराचं तोंड मागच्या काचेकडं होईल अशी. पट्टा खुर्चीच्या खाचांतून ओवला, गुडघा टेकून सगळं वजन खुर्चीवर टाकलं आणि पट्टा ओढत राहिली, कपाळावर घाम येईपर्यंत. पट्टा जिथून ओवला होता तिथं दोन्ही हातांनी धरून खुर्ची हलवून पाहिली. खुर्ची बोटभरसुद्धा सरकली नाही.

"एवढा उटारेटा?" मी कुत्सितपणे म्हटलं. "मायच्या मांडीवर पोरं मोठे नाई झाले का?"

"मी दवाखान्यात एक्सरे काढते, भाऊ," ती म्हणाली. "मांडीवरून सुटलेल्या लेकरांचे मीच काढते. साठच्या स्पीडनं ब्रेक लागला त पैलवानालेबी दहा किलोचं लेकरू धरून ठेवता येत नाई. त्या मायांनी काई सैल धरलं नव्हतं."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तिचं लक्ष डब्याकडं गेलं होतं.

"हे बाकीचे कोणाचे व्हय?"

डबा गळ्यापर्यंत भरला होता. मी कवडूकडं पाहिलं, कवडूनं माझ्याकडं. कोणाची कोणती, हे आम्हा दोघांनाही सांगता आलं नसतं. ती काही बोलली नाही, गाडीत बसून निघून गेली. बोलली असती तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

ती गेल्यावर मी सगळा राग कवडूवर काढला. पाती टेबलावर ठेवतोच कशाला, डबा गिऱ्हाईकासमोर आणतोच कशाला. त्यानं ऐकून घेतलं. मग डब्याचं झाकण लावता लावता म्हणाला, "काजलताईच्या गाडीचेबी याच्यातच अशीन."



मागच्या दिवाळीत काजलच्या नवऱ्यानं, योगेंद्रनं, सेकंड हॅन्ड गाडी घेतली तेव्हा भावाची भेट म्हणून कव्हरं मीच दिली होती. बदामी रंगाची, चौकटीची. कवडूला मी स्वतः सांगितलं होतं, माह्या बहिणीची गाडी आहे, सीट दिवाणासारखी सपाट पाहिजे. आणि आज त्याच सीटवर बसून मी त्या पोराला पस्तीस किलोमीटर मांडीवर नेणार होतो. दहा महिन्यांचं पोर. दहा किलो असेल की थोडं कमी?

माझ्या दुकानातही तसली एक खुर्ची होती. काचेच्या कपाटावर दोन वर्षं पडलेली, कोणी विचारत नाही म्हणून मी तिच्यात दोऱ्याची रिळं ठेवायचो. रिळं जमिनीवर ओतली. खुर्ची, डबा आणि चौदा नंबरचा पाना व्हॅनमध्ये टाकला आणि निघालो. रस्ताभर त्या बाईला शिव्या देत होतो. आपण कुणाला शिव्या देतोय हे कळत होतं, पण द्यायला दुसरं कोणी समोर नव्हतं.

पिपरी मेघ्यात सगळे अंगणात तयार उभे होते. काजलनं हिरवं लुगडं नेसलं होतं. गोलू नव्या झबल्यात, डोक्यावर कुरळं जावळ घेऊन माझ्याकडं झेपावला. मी त्याला घेतलं नाही. सरळ माझंच बदामी कव्हर फाडून गाडीची मागची सीट उपसली.

"हे काय करून राह्यले?" योगेंद्र म्हणाला.

"दहा मिनिटं. गोलूले मांडीवर नाई, या खुर्चीत बांधून न्यायचं हाय."

दहा मिनिटांची वीस झाली. डब्यातलं एकेक बक्कल काढून मी पट्ट्याला लावून पाहत होतो. एकात पट्ट्याची जीभ शिरेचना. दुसऱ्यात शिरायची, पण टक व्हायचं नाही, ओढली की बाहेर. प्रत्येक कंपनीचं माप निराळं, हे मला ठाऊक नव्हतं का? सतरा वर्षं तेच काम करतोय. मी डबा अंगणात उपडा केला. मोजून त्रेचाळीस बक्कलं पडली. एकही त्या गाडीचं नव्हतं. कुठं गेली असतील देव जाणे, मध्ये एकदा भंगारवाल्याला अर्धा डबा दिला होता.

"नागपूरहून नवे मागवा लागन," मी म्हटलं. "चार दिवस. तोवर गोलूले या गाडीत नेऊ नका."

अण्णाजी पुढं आले. शेतकरी माणूस, आवाज मोठा. "धनंजय, देवीपाशी स्वयंपाक मांडला आहे. पन्नास पानं जेवणार आहेत. आणि तू अंगणात भंगार मांडून बसला? माह्ये चार लेकरं मी सायकलच्या दांडीवर वाढवले."

"सायकल साठनं जात नव्हती, अण्णाजी."

"मंग हळू नेऊ. आन् मांडी काय फक्त तुहीच हाय? चुलत मामाबी मामाच. रोशन, घे रे पोराले."

रोशन माझा चुलत भाऊ. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग अण्णाजींकडं, आणि गोलूला घेऊन पुढच्या सीटवर जाऊन बसला. मला वाटलं होतं, मामाच अडला की जावळं अडेल. मामांना तोटा नव्हता. योगेंद्रनं गाडी सुरू केली. रोशन पट्टा न लावता पुढं बसला, तरी गाडीतली पट्ट्याची घंटी वाजली नाही. कशी वाजेल? तिचं तोंड बंद करायची खोटी क्लिप माझ्याच दुकानात मिळते, कव्हरांबरोबर मीच ती लावून दिली होती.

मी गाडीपुढं जाऊन उभा राहिलो. बॉनेटवर दोन्ही हात टेकले.

"काजल, इकडे आयक. माह्यी चूक झाली. तुह्या गाडीचे बक्कल मीच काढले. टोचू नये म्हणून. सीट चांगली दिसावी म्हणून काढले. पुढचीबी क्लिप मीच लावली. मी बेअक्कल हाव. गाडीतून पोराले उतरव."

"सरक, धनंजय," अण्णाजी म्हणाले. "सणाच्या दिवशी तमाशा नको. पोरीच्या सासरी येऊन हे शोभते का तुले?"

शोभत नव्हतं. आजूबाजूच्या घरांतून लोक बाहेर आले होते. अंगणात त्रेचाळीस बक्कलं, बदामी कव्हर फाडलेलं, मी नव्या सदऱ्यात घामानं भिजलेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझे हात मात्र बॉनेटवरून निघत नव्हते. राग इतका आला होता की डोळ्यांना पाणी आलं, आणि तो अण्णाजींचा नव्हता.

काजल माझ्याकडं बघत होती. मग ती गेली, पुढचं दार उघडलं आणि रोशनच्या हातातून गोलूला काढून घेतलं.

"काऊन, सूनबाई?" अण्णाजींनी विचारलं.

"मामाजी, माह्या दादानं आजवर सोताच्या कामात खोट काढली नाई," ती सासऱ्यांना म्हणाली. "ग्लास फुटला त ग्लासावर ओरडते तो. आज चार लोकांत सोताले बेअक्कल म्हणून राह्यला. मी नाई नेत."

"आन् देवी?"

"जावळं अठीच काढू. केस नेऊन वाहाल तुमी. देवीले केस पाह्यजेत, पोराचा जीव नाई पाह्यजे."

अण्णाजी पायातली चप्पल झटकून पायरीवर जाऊन बसले. पन्नास पानांसाठी योगेंद्रनं नाचणगावला फोन लावला आणि रोशन चौकातल्या मोतीलाल न्हाव्याला बोलवायला गेला. मी बक्कलं गोळा करून डब्यात भरली.

मोतीलाल आला, पिशवीतून वस्तरा आणि पाण्याची वाटी काढली. तुळशीपुढं पाट मांडला. काजलनं गोलूला माझ्या मांडीवर ठेवलं. तो खुशीत होता, माझ्या सदऱ्याच्या गुंड्या ओढत होता. मोतीलालनं टाळूवर गार पाणी चोळलं आणि त्यानं अंग ताठ केलं.

"धरा बरं मामा, नीट."

मी धरलं. दोन्ही हातांचा वेढा घातला, छातीशी दाबलं. हे हात दिवसभर रेक्झिन ताणतात. गोलूनं पाठीची कमान केली, एक खांदा सोडवला आणि डोकं असं वळवलं की मोतीलालनं वस्तरा झटकन मागं घेतला. मी आणखी घट्ट धरलं तर तो रडून काळानिळा झाला. सैल केलं तर घसरून पाटावर गेला.

"एकट्याच्यानं नाई होत हे," मोतीलाल म्हणाला. त्याला रोजची सवय होती. "जवाई, तुमी डोकं धरा. कोणी पाय धरा."

योगेंद्रनं डोकं धरलं, रोशननं पाय. तरी एक हात मोकळा राहिला आणि तो मोतीलालच्या मनगटावर आपटत होता. अण्णाजी पायरीवरून उठले. माझ्याकडं न बघता खाली बसले आणि तो हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत धरला.

चौघं बाप्ये होतो आम्ही, जमिनीवर, पाटाभोवती, जागच्या जागी. आम्ही कुठं चाललो नव्हतो. तरी तो आमच्या हातून दोनदा सुटला.