गरम टॉर्च, गार पाणी

धाकट्याला धीर म्हणून नव्हताच. दूध तापायच्या आत पातेलं उतरवणार, अंगावरचा साबण जायच्या आत टॉवेल मागणार. आताही टॉर्च पिंपात बुडवून दहा मिनिटं झाली नव्हती, तोच ओरडला, "आई, पास! एक थेंब आत नाही. निघतो मी."

"बस खाली. तुझं लग्न नाही तिथं, टाकीत उतरायचंय."

जमिनीखालच्या टाक्यांत उतरून तडे बुजवायचे, हा त्यांच्या घरचा धंदा. छातीइतकं पाणी आणि मिट्ट काळोख. तीन वर्षांपूर्वी अशाच एका टाकीत धाकट्याच्या बापाच्या टॉर्चमध्ये पाणी शिरलं, उजेड गेला, आणि त्याला शिडी सापडली नाही. टॉर्च तेवढी घरी आली. ती फळीवर असे, सेल काढलेली. आई दर आठवड्याला ती उघडायची आणि दर वेळी आतून चमचाभर गार पाणी निघायचं. पुसून झालं, उन्हात ठेवून झालं. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्या नवऱ्याचा आणि तिचा मामला होता तो.

"गार टॉर्च गार पाण्यात कुणीही बुडवेल," ती म्हणाली. "खाली ती तासभर पेटलेली असणार, तापलेली. मग हातातून सुटली तर? गरम डबा झाकण लावून पाण्यात ठेव. आतली हवा आकसते नि झाकण कसं गच्च बसतं! इथं जरा फट असली की तीच हवा पाणी ओढून घेणार. मला हे चुलीपुढं कळलं, तुला शाळेत नाही शिकवलं?"

कुरकुरत त्यानं टॉर्च तासभर पेटवून ठेवली आणि पिंपात सोडली. तळाशी पांढरा उजेड पडला. मग पिवळा, मग तांबूस. विझला.

त्याच क्षणी फळीवरची टॉर्च पेटली.

भरदुपारी तो उजेड सरळ धाकट्याच्या तोंडावर पडला. त्यानं डोळ्यांवर हात धरला.

"अहो, कळलं," आई फळीकडे न बघताच म्हणाली. "करतेय ना मी." उजेड गेला.

तिनं पिंपातली टॉर्च काढली, उघडून पुसली. रबराची रिंग वाळून चिरली होती. तिनं एकीच्या जागी दोन बसवल्या, बोटानं ग्रीस चोपडलं, काचेखाली नवा वायसर घातला. पुन्हा तासभर तापवली, पुन्हा बुडवली. पिंपातला उजेड तासभर हलला नाही.

मग तिनं फळीवरची टॉर्च उघडून हातावर उपडी केली. कोरडी. तीन वर्षांत पहिल्यांदा. ती तशीच हातावर उपडी धरून राहिली.

"झालं ना समाधान?" धाकट्यानं पिंपात हात घालून टॉर्च काढली, फिरकीचं झाकण उघडून फटाफट नवे सेल कोंबले. वाळूचा कण आट्यांत अडकला, रिंग एका बाजूनं दुमडली. त्यानं तशीच करकचून आवळली आणि पिशवी उचलली.

टप्.

आईच्या तळहातावर थेंब पडला. मग दुसरा. बापाच्या कोरड्या टॉर्चमधून पाणी मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत गेलं. धाकटा उंबरठ्यावर थिजला.

तिनं त्याच्या खांद्यावरची पिशवी ओढून घेतली.

"टॉर्च पास झाली होती, बाळा. नापास तू झालास. आजच काय, मी जिवंत आहे तोवर तू टाकीत उतरणार नाहीस. शिडी धरून वर उभा राहा. खाली मी जाते."