चाळीस मिनिटांचं चित्र

दुरुस्तीवाल्याने लॅपटॉपच्या पाठीचे स्क्रू काढून बशीत ठेवले आणि आत फुंकर मारली. भसकन धूळ उडाली. नकाशेवाल्याने तोंड फिरवलं.

“प्रोसेसर बोर्डालाच चिकटवलेला आहे. बदलायचा तर अख्खा बोर्ड बदलावा लागेल. म्हणजे जवळजवळ नव्याची किंमत.”

“फरक पडेल?”

“चाळीस मिनिटांचं चित्र दहात होईल.”

अजून पायाही न खणलेल्या घरांची हुबेहूब चित्रं करून बिल्डरांना देणं, हा नकाशेवाल्याचा धंदा. कालच एका बिल्डरने उशिरावरून त्याला फोनवर फैलावर घेतलं होतं. काय तो निर्णय आजच घ्यायला हवा होता.

दुरुस्तीवाल्याने मशीन पुन्हा जोडून सुरू केलं, चित्रांचा प्रोग्रॅम उघडला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“अहो, चित्राच्या बारकाव्याचं हे सेटिंग एवढं वर कशाला? मोबाइलवर बघणाऱ्याला पत्ताही लागणार नाही. खाली आणलंत तर याच मशीनवर पंधरा मिनिटांत चित्र तयार. आणू?”

“नको,” नकाशेवाला घाईने म्हणाला. “घरी बघतो.”

सेटिंग त्यानेच वर नेलं होतं, बायकोची वाचा गेली त्या आठवड्यात. चित्र तयार होत असताना मशीनला हात लावता येत नसे. तेवढा वेळ तो तिच्या कॉटशेजारी बसून तिच्याकडून शब्द म्हणवून घेई. पाणी, खिडकी, चप्पल. जन्मभर कामाला जुंपून घेतलेल्या या माणसाला एरवी नुसतं बसायची लाज वाटे. मशीन अडकलेलं असलं की बसायला निमित्त सापडे.

घरी आल्यावर त्याने तिला बोर्डाचं सगळं सांगितलं. खर्च झेपणार नाही, जुनंच बरं आहे, असंही म्हणाला. ती एकटक बघत राहिली. तीस वर्षांत या नजरेपुढे त्याची एकही थाप टिकली नव्हती.

“सेटिंग खाली आणलं तरी भागेल म्हणे,” तो शेवटी पुटपुटला. “मीच वर नेलंय. मुद्दाम.”

तिने नजर वळवली. आता रुसली की काय, म्हणून तो कानकोंडा झाला. मग तिने डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं. ओठ जुळायला वेळ लागला.

“आण… खाली.”

“अगं, पण मग आपलं…”

तिने मान हलवून त्याला गप्प केलं.

“काम… नसताना… बस.”

एवढं लांब ती तीन महिन्यांत बोलली नव्हती. नकाशेवाल्याने लॅपटॉपची पिशवी न उघडताच टेबलाखाली सारली आणि खुर्ची कॉटजवळ ओढली. किती वेळ बसायचं, ते त्याला कळेना. तो बसून राहिला.